ल्हासाच्या मानेवरची रेघ आणि पट्ट्याची निवड

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चौदा महिन्यांची ल्हासा अ‍ॅप्सो मादी, रंग क्रीम-सोनेरी, या थंडीत तिला पहिल्यांदा शोमध्ये उतरवायचं आहे. मानेभोवती केस तुटून गोल रेघ पडली आहे, कानांमागे रोज गुंता होतो. तर कोट, म्हणजे अंगावरचे केस, वाचवणारा शो लीड (शोमध्ये कुत्र्याला चालवायची बारीक दोरी) कोणता घ्यावा?

शो लीडबद्दल सांगतेच. पण ती रेघ शो लीडनं पडलेली नाही आणि नवा शो लीड आणून ती जाणारही नाही. रिंगमध्ये, म्हणजे शोमध्ये जज्जसमोर चालवतात त्या जागेत, कुत्रं काही मिनिटं असतं, घरचा पट्टा मात्र रात्रंदिवस गळ्यात असतो. कोट बिघडतो तो घरात. त्यामुळे पट्टा गळ्यात किती वेळ राहतो हे आधी बघायचं, कोणता घ्यायचा ते नंतर. लांब केसांच्या शो डॉगच्या गळ्यात घरात काहीही नसावं, या मताची मी पक्की आहे.

नेमकं काय होतं ते बोटांनी बघा. तिला शेजारी बसवा, पट्टा काढा आणि त्या जागेचे केस कातडीपर्यंत दुभंगा. वरचा लांब केस पट्ट्याच्या कडेला जिथे वाकतो तिथेच पिचलेला दिसेल आणि मुळाशी अंडरकोटचा, म्हणजे खालच्या मऊ केसांचा, दाटलेला थर हाताला लागेल. कुत्री मान वळवते, खाजवते, झोपेत डोकं घासते, आणि दर वेळी पट्टा त्याच जागी मागेपुढे सरकतो. लांब केस तुटतो, सुटलेला केस खालच्या मऊ केसात अडकतो आणि त्याची जट होते. त्यात तिचं वय असं आहे की पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठ्या कुत्र्याचा कोट येतोय. या काळात गळणारे केस खाली न पडता लांब केसांतच अडकून राहतात, म्हणून गुंता सर्वांत जास्त याच महिन्यांत होतो. ब्रीड स्टँडर्डला (जात कशी असावी याच्या ठरलेल्या वर्णनाला) ल्हासाचा कोट जड, सरळ आणि कडक हवा असतो, लोकरीसारखा नको आणि रेशमीही नको. तसा कोट आला की गुंता बराच कमी होईल. तोवर मान, कानांमागची जागा आणि काखा रोज मुळापासून तपासायच्या. केस कोरडा असताना ब्रश फिरवू नका, पाण्यात थोडं कंडिशनर घालून हलका फवारा मारा आणि मगच पिन ब्रश (सुट्या धातूच्या काड्यांचा ब्रश) हातात घ्या.

घरात पट्टा नको म्हटलं की दार उघडं राहिलं तर काय, ही काळजी येणारच आणि ती रास्त आहे. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असली तरी ती वाचायला यंत्र लागतं, गळ्यातल्या बिल्ल्यावरचा फोन नंबर मात्र रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतो. म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना पट्टा आणि बिल्ला हवाच. घरात माणसांची सतत ये-जा असेल तर दाराला आतून लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावा. तेही जमणार नसेल तर पट्टा ठेवा आणि कोटाचं नुकसान सोसा. केस परत येतात, हरवलेली कुत्री येईलच असं नाही.

आता फिरायचा पट्टा. लांब केसांना सपाट, रुंद पट्टा नको. चामडं गुंडाळून गोल शिवलेला रोल्ड लेदरचा पट्टा घ्या. ल्हासासाठी जाडी पेन्सिलीइतकी पुरते. गोल असल्यामुळे तो केसांच्या मध्ये बसतो, केस दोन्ही बाजूंना पडतात आणि कडेवर घासत नाहीत. शिवण कुठे आहे ते बघा, दोरा वर आलेला नको. बक्कल जिथे बसतं तो भाग बहुतेक पट्ट्यांत सपाटच असतो आणि केस तिथेच अडकतात. म्हणून घालताना केस बाजूला करून बक्कल लावा आणि ते गळ्याखाली न ठेवता मानेच्या बाजूला येऊ द्या. माप केसांवरून घेऊ नका. टेप केसांखाली, कातडीला लागून फिरवा आणि दोन बोटं आत जातील एवढी ढील धरा. केसांवरून माप घेतलं की पट्टा ढिला होतो, फिरत राहतो आणि घासतो. शिवाय मागे ओढ बसली की डोक्यावरून निघूनही येतो.

दुकानात पट्टा तपासायला जुनी जॉर्जेटची ओढणी बरोबर न्या. पट्ट्यावरून, बक्कलावरून आणि कड्यांच्या जोडावरून ती हलकेच ओढा. जिथे धागा अडकेल तिथे केसही अडकणार. महागड्या पट्ट्याच्या कडीचा जोड कधी कधी नीट मिटवलेला नसतो, तो अशाच ओढणीत सापडतो.

कच्च्या मालाबद्दल थोडं. नायलॉनचा पातळ पट्टा स्वस्त आणि धुवायला सोपा, पण त्याच्या कडा करकरीत असतात आणि कोरड्या थंडीत केसांत स्थिर वीज धरते. सुती पट्टा भिजला की लवकर वाळत नाही, कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. ओला पट्टा मानेवर राहिला की कातडीला खाज सुटते आणि खाजवण्यात कोट जातो. आतून मखमल लावलेले पट्टे हाताला छान लागतात, पण मखमलीचे उभे तंतू केस धरून ठेवतात. अस्तर हवंच असेल तर सॅटिनचं घ्या. साखळी ल्हासाला अजिबात नको. लांब कड्यांची साखळी जर्मन शेफर्डच्या लोकांमध्ये चालते आणि त्या कोटाला ती ठीकही आहे, पण ल्हासाचा केस कड्यात अडकून उपटला जातो. शिवाय मुलामा उडालेली साखळी फिकट कोटावर काळपट डाग सोडते.

रंगाकडे तुम्ही विशेष लक्ष द्या, कारण कोट क्रीम आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर सांगितलं तर सुरेख गोल पट्टा शिवून देतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पण ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ओलं झालं की त्यातून तपकिरी रंग सुटतो आणि मानेच्या फिकट केसांवर बसला की धुतल्यानं सहज जात नाही. लाल-काळ्या रंगवलेल्या पट्ट्यांचंही तेच. ओला पांढरा सुती रुमाल पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी जोर लावून चोळा. रुमालाला रंग लागला तर तो पट्टा तिच्या गळ्यात घालू नका. चामड्याला तेल दिल्यावर तो लगेच वापरू नका, तेल केसांना लागतं आणि तेलकट केसावर धूळ बसते.

हार्नेसबद्दल, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांबद्दल, बरेच जण विचारतात. ल्हासा, शिहत्झू, पॉमेरेनियन अशा छोट्या जातींत श्वासनलिकेचा त्रास होऊ शकतो. कुत्री ओढताना खोकत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा, आणि त्यांनी हार्नेस सांगितला तर हार्नेसच वापरा. फक्त काखेत आणि छातीवर जटा होतात हे धरून चाला. फिरून आल्या आल्या तो काढा आणि त्याच वेळी काखा विंचरा, रात्रीवर टाकू नका.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गोचीड मारणारा औषधी पट्टा. तो महिनोन् महिने गळ्यात ठेवायचा असतो, त्यामुळे मानेवर रेघ पाडण्यात तो नेहमीच्या पट्ट्याच्या बरोबरीचा. काहींची पूडही केसांवर येते. आपल्याकडे गोचीडतापाचा धोका खरा आहे, म्हणून संरक्षण थांबवायचं नाही. मानेवर टाकायचे थेंब किंवा तोंडावाटे द्यायची गोळी तिला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. थेंब वापरणार असाल तर शोच्या आधीच्या काही दिवसांत टाकू नका, कारण तिथले केस चिकट होतात.

आता शो लीड. ल्हासाला बारीक, गोल विणीचा, पट्टा आणि दोरी एकत्र असलेला लीड योग्य. त्यावर सरकणारा मणी किंवा छोटी चाप असते, ती घट्ट बसणारी हवी. चालताना सरकली तर गळा ढिला होतो आणि कुत्री मोकळी होते. रंग तिच्या मानेच्या केसांशी जुळणारा घ्या. उठावदार लीड मानेची रेषा मध्येच कापतो आणि जज्जची नजर तिथे अडकते. लांबी अशी की लीड डाव्या हातात गोळा झाल्यावर खाली लोंबणारं काही उरू नये.

घालायची पद्धत लीडच्या किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. फास पूर्ण मोठा करा, तोंडावरून घ्या, दुसऱ्या हाताने दोन्ही कानांचे लांब केस एकत्र धरून आत काढा. फास कानांच्या लगेच मागे, जबड्याखाली उंच बसवा आणि मगच मणी सरकवा. मग बोट फासाखालून फिरवून दबलेले केस वर काढा आणि त्यावरून कंगवा फिरवा, म्हणजे लीड केसांत दिसेनासा होतो. काढताना घाई होते आणि नुकसान तेव्हाच होतं. फास पुन्हा पूर्ण मोठा केल्याशिवाय कानांवरून ओढू नका.

रिंगमध्ये लीड ताणून डोकं वर धरणारे हँडलर (कुत्रं रिंगमध्ये चालवणारे) दिसतील. ते शिकू नका. ल्हासाला तसं ताणलं की मानेवरचे केस गोळा होऊन फुगतात, पाठीची सरळ रेषा तुटल्यासारखी दिसते आणि पुढचे पाय नीट पडत नाहीत. ढिल्या लीडवर स्वतःहून डोकं उचलून चालणारी कुत्री कितीतरी उठून दिसते. त्यासाठी आत्तापासून रोज थोडा वेळ शो लीडवर चालवा, हातात तिचा आवडता खाऊ ठेवा. हा लीड फक्त सरावाला आणि रिंगला. पार्किंगमध्ये, गर्दीत, गाडीत तो वापरू नका, आणि फास गळ्यात ठेवून तिला क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) कधीही बंद करू नका. कुठेतरी अडकला तर गळफास बसतो.

तुमच्याकडे पुढेमागे आखूड केसांची जात आली, समजा कारवान हाउंड, तर यातलं बरंच उलटं होतं. तिथे कातडी पातळ, मान लांब आणि डोकं जवळपास मानेइतकंच, म्हणून रुंद, मऊ अस्तराचा मार्टिंगेल पट्टा (ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) लागतो. बारीक गोल पट्टा त्या मानेत रुततो.

राहिली तुमची रेघ. ती या हंगामात भरून येणार नाही. तुटलेले केस समान दिसावेत म्हणून आजूबाजूचे कापू नका, त्यानं भरून यायला आणखी वेळ लागेल. शोला मात्र जरूर न्या. जज्ज टेबलावर हातांनी शरीराचा बांधा, दात, पाठ तपासतात, आणि तिला परक्या हातांची, गोंगाटाची सवय आत्ताच व्हायला हवी. पूर्ण कोटाची अपेक्षा पुढच्या थंडीत ठेवा.

सध्याचा पट्टा किती रुंद आहे, कशाचा आहे, आणि रेघ मानेभोवती सगळीकडे सारखी आहे की बक्कलाच्या बाजूला जास्त, तेवढं कळवा. एकाच बाजूला जास्त असेल आणि कातडी लालसर दिसत असेल तर पट्टा बदलायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, बुरशी किंवा धातूची अ‍ॅलर्जीही असू शकते.