गुडघा बदलला, म्हणजे गड सुटला का?

"ऑपरेशन व्यवस्थित झालंय, डॉक्टर खूश आहेत, मग मला सारखं रडू का येतं?" आयुष्यभर डोंगरात भटकलेली, साठी ओलांडलेली माणसं गुडघा बदलल्यानंतर माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. खरा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतो: मला परत गडावर जाता येईल का? पुण्यातल्या अशाच एका काकूंबद्दल इथे लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू ६७ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायचा हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघून डोंगराच्या सोंडेसोंडेने तोरण्याच्या बुधला माचीवर पोचायचं, ही त्यांची सगळ्यात लाडकी वाट. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेकही साठीनंतर केलेला. मग उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजली, इंजेक्शनं झाली आणि शेवटी नी रिप्लेसमेंट.

माझ्याकडे आल्या तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. वॉकर सुटून हातात काठी आली होती, गुडघा काटकोनाच्या पुढे वाकत होता, फिजिओ समाधानी होते. पण काकूंना रात्री झोप नव्हती. सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल पडत नव्हतं. ट्रेकच्या ग्रुपवर कात्रज-सिंहगडचे फोटो आले, त्या सकाळी त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. मुलाने त्यांचे बूट माळ्यावर टाकले होते. "आता कशाला लागणार आहेत तुला?" असं तो प्रेमानेच म्हणाला होता, आणि तेच वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

हे रडू येणं अगदी नेहमीचं आहे, हे मी त्यांना सगळ्यात आधी सांगितलं. आठवडेच्या आठवडे सलग झोप नाही, वेदनाशामक गोळ्यांचा भार, अंघोळीलासुद्धा कुणाचा तरी हात, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "झालं ना आता बरं?" म्हणतो. नवा सांधा धातू आणि पॉलिथिनचा. तो पहिल्या दिवसापासून भार पेलतो. पण मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर झपाट्याने अशक्त होतो आणि त्याला पूर्वपदावर यायला महिने लागतात. सूज आणि गुडघ्याची ऊब कित्येक महिने राहू शकते, सुधारणा वर्षभर चालू असते. काकू सहाव्या आठवड्यात बसून सगळ्या आयुष्याचा निकाल लावत होत्या.

दुसरी गोष्ट भीतीची. चालताना त्यांना गुडघ्यात 'टक्' असा आवाज यायचा. सांधा निखळतोय, असं त्यांनी मनात धरलं होतं आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर होती, तिचाही धसका. मी डॉक्टर नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून त्यांना सर्जनकडे पाठवलं. एक्स-रे उत्तम होता. धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकताना असा आवाज येतो, आणि छेद घेताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते म्हणून तो भाग बधिर राहतो, हे त्यांना तिथे नीट समजावलं गेलं. त्या रात्री त्या झोपल्या. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर मात्र समुपदेशकाची वाट बघू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

माझं खरं काम पुढे सुरू झालं. पक्क्या ट्रेकरची एक सवय असते: दुखलं तरी रेटायचं, पाण्याच्या टाक्यापाशी पोचल्यावर बघू. डोंगरात ही सवय माणसाला तारते. ऑपरेशननंतर तीच घात करते. बरं वाटलं त्या दिवशी काकू सोसायटीला फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या, मग दोन दिवस पाय उशीवर, आणि "संपलं सगळं" हे पालुपद. आम्ही शिंप्याची टेप आणली. वाटीच्या चार बोटं वर, रोज सकाळी उठल्याबरोबर घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. चालताना थोडं दुखलं पण सकाळपर्यंत ओसरलं आणि घेर तेवढाच, तर कालच्याइतकंच चालायचं किंवा किंचित जास्त. घेर वाढला तर एक पायरी खाली. फिजिओंनाही ही वही आवडली. मला तिचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं: "आज मन काय म्हणतंय" यावर दिवस ठरेनासा झाला.

मग भीतीची उतरंड लावली. आधी फाटकाबाहेरचा रस्ता, मग तळजाईचा सपाट भाग, मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पर्वतीच्या पहिल्या खेपेला मी सोबत होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे फिजिओंनी घोटवून घेतलं होतं. चढल्या तशा हसतच चढल्या. उतरताना पहिल्याच पायरीवर थबकल्या. डावा हात कठड्यावर, उजव्या हातात काठी, बोटं पांढरी पडलेली. मी घाई केली नाही. मागून शाळकरी मुलं उड्या मारत गेली, एक आजोबा "सावकाश हो ताई" म्हणून पुढे गेले. मग त्यांनी उजवा पाय खाली टेकवला. खाली पोचेपर्यंत आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

मुलालाही एकदा बोलावलं. "आई हट्टी आहे" एवढंच तो आधी म्हणत राहिला. नेमकी कशाची भीती वाटते, असं विचारल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "ऑपरेशननंतरच्या रात्री ती कण्हत होती. मला परत ते बघायचं नाही." काकूंना हे माहीतच नव्हतं. त्या बैठकीत दोघांनी मिळून ठरवलं: एकटीने जायचं नाही, दोन्ही हातांत ट्रेकिंग पोल, फोन चालू, अंधारात उतरायचं नाही. बूट त्याने स्वतः माळ्यावरून काढले.

वर्षभरानंतर काकू आतकरवाडीतून सिंहगड चढल्या आणि जीपने खाली आल्या. चढापेक्षा उतारावर गुडघ्यावर भार जास्त येतो, त्यामुळे मला हा निर्णय पटला. त्यांना आधी तो 'अर्धा ट्रेक' वाटला. राजगड-तोरण्याची सोंड त्यांनी सोडली आहे. तिथल्या घसाऱ्यावर पाय सटकला तर सावरता येणार नाही, हे त्यांचं त्यांनीच मान्य केलं. त्याचं दुःख आहे, अजूनही बोलताना डोळे भरतात, आणि ते भरू द्यावेत असं माझं मत आहे. "मन रमवा, भजनी मंडळात जा" असला सल्ला मी अशा वेळी देत नाही.

सध्या राजगडाचा विचार चालू आहे. गुंजवण्याची चोर दरवाजाची खडी वाट नको, पाली दरवाजाने जायचं आणि पद्मावती माचीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजेडात सावकाश उतरायचं. मुलगा अजून राजी नाही, पण आता तो नुसतं 'नको' म्हणत नाही, कारणं सांगतो. सर्जनची भेट पुढच्या महिन्यात आहे. त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी आम्ही तिघांनी मिळून केली. पहिला प्रश्न उतरणीचा आहे.