भालाफेकीतली घाई

पोरा,

संघात निवड झाल्याचा तुझा मेसेज मिळाला. खाली लिहिलंयस, "सर, तिथे 78 मीटर मारायचेच." आकडा तेवढा इथेच ठेवून जा. सामान भरताना तो बॅगेत नको.

पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोरांचं बिनसतं ते घाईने. अंगात वारं भरलेलं असतं. सरावातलीच धाव तिथे नकळत वेगवान होते, पावलं लांबतात, आणि शेवटच्या क्रॉसओव्हरला, म्हणजे पायावरून पाय आडवा टाकतो त्या पावलाला, उजवा पाय टेकायच्या आत खांदा पुढे आलेला असतो. मग डावा पाय ब्लॉकला, म्हणजे धाव रोखायला ताठ, लागतो तेव्हा भाला मागे उरलेलाच नसतो. ओढायला अंतरच नसलं तर दंडात कितीही ताकद असो, भाला नाक वर करून तरंगतो आणि शेपटीवर पडतो. टोक आधी टेकलं नाही की लाल झेंडा. पोरगं समजतं जोर कमी पडला, पुढची फेक आणखी जोरात मारायला जातं, आणि आणखी बिघडवतं.

माझंच सांगतो. तुझ्या वयात अशाच एका पात्रता फेरीत पहिल्या दोन्ही फेकी फाऊल गेल्या, दोन्ही वेळा पाय धावपट्टीच्या टोकाच्या कमानीच्या रेषेवर. तिसऱ्या वेळी इतका घाबरलो की कमानीच्या दोन मीटर मागेच थांबून भाला सोडला. अंतर मोजतात ते कमानीच्या आतल्या कडेपासून. ते दोन मीटर मी फुकट दिले आणि घरी आलो.

म्हणून धावेची खूण नीट लाव. धावपट्टीच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात. खडू चालत नाही, चिकटपट्टी किंवा आयोजकांनी दिलेली खूण वापरायची. स्वतःचा टेप ने आणि घरचं माप तिथे जसंच्या तसं लाव. मैदानात सरावाच्या फेकी मोजक्याच मिळतात. त्यातली पहिली अंतरासाठी वाया घालवू नकोस, पाय कुठे येतो तेवढंच बघ. पुढे सरकत असलास तर खूण अर्धं पाऊल मागे घे. पाऊल आखडून जमवू नकोस, त्याने लय मोडते.

घड्याळ सुरू झाल्यावर एक मिनिट असतो. तो वाटतो त्याहून बराच मोठा आहे. भाला पुसून घे, वारा बघ, एक श्वास सोड, मग नीघ. समोरून वारा असेल तर टोक थोडं खाली ठेव.

पात्रता फेरीत तीन फेकी असतात. ठरलेलं अंतर पहिल्याच फेकीत पार झालं तर बूट काढ आणि मुक्कामावर जा. उरलेल्या दोन फेकींत कुणाला काही दाखवायचं नाही. अंतिम फेरीत साधारण बारा जण असतात, तीन फेकींनंतर सहसा पहिल्या आठांना आणखी तीन मिळतात. म्हणजे पहिली फेक स्वच्छ हवी, मोठी नसली तरी चालेल.

आता भाल्याबद्दल. तिथे रॅकवर 90 मीटरचे, म्हणजे तेवढ्या लांब फेकींसाठी बनवलेले, कडक भाले दिसतील आणि मोठी नावं तेच उचलतात म्हणून तुझाही हात शिवशिवेल. लावू नकोस. कडक भाल्याला सुटण्याचा तेवढा वेग लागतो आणि फेक अगदी सरळ भाल्याच्या रेषेतून जावी लागते. तुझ्या वेगाला 80 चा भाला जास्त माफ करतो. शिवाय तू 700 ग्रॅमवरून 800 वर येऊन अजून फार दिवस झालेले नाहीत.

2016 च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेची, पोलंडमधल्या बिडगॉश्चची अंतिम फेरी मिळाली तर बघ. नीरज चोप्राने तिथे 86.48 मीटर फेकून 20 वर्षांखालील विश्वविक्रम केला. रिओ ऑलिंपिकची पात्रता 83 मीटर होती, पण मुदत 11 जुलैलाच संपलेली आणि ही फेक 23 जुलैची. बारा दिवस उशीर! टोकियोचं सुवर्ण त्यानंतर पाच वर्षांनी आलं. बिडगॉश्चच्या त्याच फेरीत तिसरा आलेला ग्रेनेडाचा अँडरसन पीटर्स 2019 मध्ये दोहाला जगज्जेता झाला. उलटं उदाहरणही आहे: त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने 2012 मध्ये बार्सिलोनात ज्युनियर जगज्जेतेपद घेतलं आणि काही आठवड्यांत लंडनला ऑलिंपिक सुवर्ण. पण त्याच्यावरून तुझं वेळापत्रक आखू नकोस, तसा पोरगा क्वचितच निघतो.

बॅगेत टाचेखाली खिळे असलेले बूट, टेप, चिकटपट्टी, दोन टॉवेल. बूट हातातल्या बॅगेत ठेव, मोठं सामान कधी कधी मागे राहतं.

आणि गेल्या आठवड्यात फेक झाल्यावर तू दोनदा कोपराची आतली बाजू चोळलीस. विचारलं तर "काही नाही सर" म्हणालास. उद्या संध्याकाळी फोन कर आणि खरं काय ते सांग. दुखत असेल तर निघेपर्यंत एकही पूर्ण जोराची फेक होणार नाही, नुसती धाव आणि ब्लॉक करू.

तुझा,
सर