युद्धातून बाहेर पडलेल्या लोकांना वस्तू द्याव्यात की रोख पैसे? रोख दिले तर ते उडवणार नाहीत का?

तुमच्या प्रश्नाचं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी एका वरिष्ठांच्या तोंडून वर्षभर ऐकलंय.

श्रीलंकेच्या उत्तरेत १९८३ ला पेटलेलं युद्ध २००९ मध्ये संपलं. शेवटच्या महिन्यांत विस्थापित झालेली जवळपास तीन लाख माणसं वावुनियाजवळच्या छावण्यांत होती. ती गावी परतायला लागली तेव्हा घरांची नुसती जोती उरली होती आणि शेतात सुरुंग. भारताने ५०,००० घरांची योजना हाती घेतली. पहिली हजार घरं कंत्राटदारांनी बांधली. पुढे बहुतेक घरांचे पैसे थेट कुटुंबाच्या बँक खात्यात गेले, नव्या घराला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, हप्त्यांत. पाया तपासून झाला की पुढचा हप्ता. मी तिथे तपासणीला होतो.

किलिनोच्चीच्या बाजूला एक अक्का होत्या. नवरा २००९ पासून बेपत्ता, पदरात दोन मुली. वाळूचा ट्रॅक्टर आला की त्या मूठभर ओली वाळू घेऊन दाबायच्या आणि हात झटकून तळवा बघायच्या. तळव्याला माती चिकटलेली दिसली की ट्रॅक्टर परत. ड्रायव्हर वाद घालायला लागला तर दुभाष्याची वाटही बघायच्या नाहीत. सिमेंटचे ब्लॉक एकमेकांवर आपटून आवाज ऐकायच्या आणि बदबद वाजलेले बाजूला काढायच्या. गवंड्याने चूल घराच्या आत घातली होती, ती त्यांनी धुरासाठी पडवीला हलवून घेतली. इतकी नीट देखरेख मी पगारी सुपरवायझरकडून करून घेऊ शकलेलो नाही. आणि आमचे वरिष्ठ म्हणायचे, या बायकांना काय कळतंय, कंत्राट देऊन मोकळे व्हा.

ज्याचं घर त्याच्या हातात पैसा द्या, हे माझं ठाम मत आहे. कपड्यांचे गठ्ठे तर पाठवूच नका.

पण आधी सुरुंग काढलेले हवेत, ते न काढता घर देणं गुन्हा आहे. जमिनीचा कागद हवा. नवरा बेपत्ता आणि मृत्यूचा दाखला नाही, अशा बायकांचे कागद जमिनीपाशीच अडतात. आणि हो, जिथे वेढा पडलाय, दुकानं रिकामी आहेत, तिथे नोटांचा उपयोग शून्य. तिथे धान्य आणि औषधंच गेली पाहिजेत.

रोखीतही खोट होती. सगळा जिल्हा एकदम बांधायला लागला, वाळू महागली, गवंडी मिळेनात, आणि कित्येक कुटुंबांनी छप्परासाठी कर्ज काढलं. त्याचं कारण उधळपट्टी नव्हतं. रक्कम ठरवताना वाढणारे दर धरले नव्हते. एकट्या बाईला मजुरीचा वेगळा भत्ता द्या, असं मी बैठकीत सांगितलं होतं. इतिवृत्तात ते आलंच नाही, 'लाभार्थ्यांनी खर्चावर नियंत्रण ठेवावे' एवढं आलं.