शिट्टी मारणाऱ्याला होडीची चावी काढून घेता येते का?

प्रश्न : नेरूलच्या कोको किनाऱ्यावरून मी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. गेल्या रविवारी परतताना गस्तीच्या होडीवरल्या एका पोराने शिट्टी मारून थांबवले. माणसे जास्त आहेत म्हणून 500 रुपये घेतले, दोन तास इंजिनाची चावी ठेवून घेतली. पावती दिली नाही. तो पोलीस नव्हता, कंत्राटावरचा होता. त्याला हा अधिकार आहे का? जास्त होती ती दोन लहान मुले, तीही आईच्या मांडीवर.
— एक होडीवाला, नेरूल

उत्तर : पैसे घ्यायचा नाही, चावी ठेवायचाही नाही. शिट्टी मारायचा आहे, आणि ती ऐकून तुम्ही थांबलात हे बरेच केलेत.

गणवेश पाहिला की आपण बिचकतो. पणजीच्या धक्क्यावर एका टोपीवाल्याने दरडावले तेव्हा मी, चाळीस वर्षे वकिली केलेला माणूस, निमूट ओळखपत्र काढून उभा राहिलो. तो निघाला तिकिटे फाडणारा!

कंत्राटी गस्तीवाल्याने सावध करायचे, बुडत्याला काढायचे, पोलिसांना कळवायचे. होडीची नोंदणी आणि तपासणी बंदर कप्तान खात्याकडे, गुन्हा नोंदवणे पोलिसांकडे. साध्या नागरिकालाही अटक करता येते हे खरे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 खाली. पण त्यासाठी त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडायला हवा, नाहीतर समोरचा फरारी जाहीर झालेला हवा. शिवाय 6 तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. जादा माणसे बसवणे जामीनपात्र आहे. म्हणजे तीही वाट त्या पोराला बंद.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. तपासणीच्या दाखल्यावर माणसांचा आकडा असतो. मांडीचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. भाडे घेऊन माणसे नेताना जिवाला धोका होईल इतकी होडी भरली, तर न्याय संहितेचे कलम 284 लागते : 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात पोलिसाला वॉरंट लागत नाही. पोराने चावीऐवजी फोन उचलला असता तर 500 वर भागले नसते.

माझे वडील बार्जवर तांडेल होते. मांडवीच्या तोंडावरच्या, आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्याचे नाव काढले की जेवता जेवता गप्प व्हायचे. पावसाळ्यात खनिजाच्या बार्जी तो टाळून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारी नदीत उतरायच्या. तुमची होडी त्याच तोंडाशी फिरते.

पैसे परत हवे असतील तर किनारी पोलिसांकडे लेखी तक्रार द्या : तारीख, वेळ, गस्तीच्या होडीचा क्रमांक, असल्यास साक्षीदार. तक्रारीत ती दोन मुलेही लिहा. तुमच्या होडीवरच्या निम्म्या पर्यटकांनी तो सगळा प्रकार मोबाईलवर घेतलेला असणार.