वेड लागलेला फ्रान्सचा राजा सहावा शार्ल ४२ वर्षं गादीवर कसा टिकला? त्याला स्वतःचं शरीर काचेचं वाटायचं, हे खरं का?

काचेचं आधी सांगतो, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. हो, तशी नोंद आहे. कुणाचा धक्का लागला तर आपण फुटू या भीतीने त्याने कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घेतल्या होत्या म्हणे. पण माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जास्त रंजक आहे.

वडील गेले १३८० मध्ये, तेव्हा हा अकरा वर्षांचा. कारभार काकांच्या हाती, आणि खजिनाही. १३८८ मध्ये त्याने काकांना बाजूला सारलं, वडिलांच्या वेळचे जुने सल्लागार परत आणले. चार वर्षं बरी गेली.

मग ऑगस्ट १३९२. राजा फौजेसह ब्रिटनीच्या (फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा प्रांत) स्वारीवर निघालेला, ल माँजवळचं जंगल, रणरणतं ऊन. एका फाटक्या माणसाने घोड्याचा लगाम धरला आणि ओरडला, परत फीर, तुझा घात होणार आहे. त्याला कसंबसं हटवलं. थोडं पुढे गेल्यावर एका पोऱ्याच्या हातातला भाला दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर खणकन आपटला. झालं! राजाने तलवार उपसली आणि स्वतःच्याच माणसांवर तुटून पडला. काही जण ठार झाले, सख्खा भाऊ लुई जीव घेऊन पळाला. शेवटी राजाला धरून, बांधून गाडीत घालून परत आणावं लागलं.

पुढची तीस वर्षं हे येत-जात राहिलं. कधी तो म्हणे माझं नाव जॉर्ज. राणी इझाबोला ओळखत नसे. १४०५ मध्ये कित्येक महिने आंघोळ नाही की कपडे बदलणं नाही. पण मधेच महिनोन् महिने अगदी ठीक, दरबारात बसून बोलतोय.

मेख इथेच आहे. कायमचा वेडा असता तर कदाचित कायमचा कारभारी नेमता आला असता. हा बरा होत होता, आणि बरा असला की तोच राजा. शिवाय रँसच्या कॅथेड्रलमध्ये पवित्र तेलाचा अभिषेक झालेला, तो पुसायचा कसा? (इंग्लंडने १३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डला गादीवरून उतरवलं. तो रिचर्ड या शार्लचाच जावई.) आणि खरं सांगायचं तर त्याला काढण्यात कुणाचा फायदाच नव्हता. राजा ज्याच्या ताब्यात, फर्मान त्याचं, करही त्याचे. त्यामुळे मारामारी गादीसाठी नव्हती, राजा कुणाच्या मुठीत राहणार यासाठी होती. एकीकडे भाऊ लुई, दुसरीकडे चुलतभाऊ, बर्गंडी प्रांताचा ड्यूक झाँ. १४०७ मध्ये झाँने लुईचा पॅरिसच्या रस्त्यावर खून करवला आणि पुढे उघड कबूलही केला. १४१९ मध्ये राजपुत्राशी बोलणी चालू असताना झाँचाही मुडदा पडला. मधल्या काळात, १४१५ साली, इंग्लंडचा पाचवा हेन्री अझँकूरची लढाई जिंकून गेला होता.

१४२० मध्ये त्र्वा इथे तह झाला: राजाची मुलगी कॅथरीन हेन्रीला द्यायची, शार्लनंतर फ्रान्सची गादीही हेन्रीचीच, स्वतःचा मुलगा मात्र बेदखल. सही राजाची, पण त्याला त्यातलं किती कळत होतं हा प्रश्नच आहे. लोक सगळा दोष राणीला देतात. मला ते तितकंसं पटत नाही. झाँचा मुलगा तेव्हा बापाच्या सुडासाठी इंग्रजांना जाऊन मिळाला होता, आणि राजा-राणी दोघंही त्याच्याच ताब्यात होते.

हेन्रीला मात्र ती गादी मिळालीच नाही. तो ऑगस्ट १४२२ मध्ये पस्तिशीत गेला, आणि शार्ल त्याच्यानंतर सात आठवड्यांनी. पॅरिसचे लोक रस्त्यावर रडले. त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत ‘लाडका शार्ल’च होता. फ्रेंच राजांना पुरतात त्या सँ-दनीपर्यंत शवपेटीमागे चालायला राजघराण्यातला एकच माणूस होता, बेडफर्डचा ड्यूक. हेन्रीचा भाऊ, इंग्रज.