शब्दांचा वाटा खरोखर सातच टक्के?

प्रश्न : मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले. मला नजरेला नजर देऊन बोलणे जमत नाही आणि हाताची घडी घालण्याची सवय आहे. मग माझे बोलणे वायाच जाते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हे आकडे मनाने रचलेले नाहीत; मात्र प्रशिक्षणवर्गांतून फिरता फिरता त्यांचा अर्थ पार बदलून गेला आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून ते आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले, एका प्रयोगात स्वराच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रेही होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. हे सूत्र भावना आणि वृत्ती यांविषयीच्या बोलण्यापुरतेच आहे, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनी केलेला आहे. व्याजदर, हप्त्याची तारीख आणि जामीनदाराची जबाबदारी चेहऱ्याने सांगता आली असती, तर तुमच्या संस्थेला अर्ज छापावेच लागले नसते.

देहबोलीचे वजन वाढते ते शब्द आणि स्वर यांचा मेळ बसत नाही तेव्हा. ‘काळजी करू नका, कर्जाचे काम होऊन जाईल’ हे वाक्य तुम्ही संगणकावर टंकत, मान वर न करता उच्चारलेत, तर खातेदार त्यातून ‘आता उठा’ एवढाच अर्थ घेऊन जाईल.

नजरेचे म्हणाल, तर नजर चुकवणारा खोटे बोलतो हा समज पुराव्यावर टिकत नाही. अनेक अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणात, केवळ ऐकून-पाहून खरे-खोटे ओळखण्यात लोकांचे यश सुमारे ५४ टक्केच, म्हणजे छापा-काट्याहून जेमतेम सरस आढळले. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे अनेक घरांत अदबीचा भाग असतो, तेव्हा साठीतले खातेदार त्याचा वेगळा अर्थ काढणार नाहीत. हाताच्या घडीचेही तसेच. पंख्याखाली गारठलेला माणूसही घडी घालतो.

टक लावून पाहण्याचा सराव करू नका, ते समोरच्याला जाचते. खातेदार आपली अडचण सांगू लागला, की कळफलकावरचे हात तेवढे बाजूला घ्या, त्याचे वाक्य पुरे होऊ द्या आणि मगच नोंद करा. कर्ज नामंजूर झाल्याचे सांगताना कारण मात्र स्पष्ट शब्दांतच द्या.