जुन्या जाहिरातींतल्या स्टोव्ह, शिलाई मशीनच्या चित्रांचे छपाईचे ब्लॉक (लाकडावर बसवलेली धातूची चित्रं) सापडलेत, घरी छापता येतील का की पॉलिश करून भिंतीवर लावू?

भिंतीवर लावू नका. छापा. नक्की छापता येतात, मशीनसुद्धा लागत नाही.

सांगलीत गावभागात आमच्या अण्णांचा छापखाना होता. एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाई मशीन), खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, आणि खिडकीखालच्या खणात असलेच ब्लॉक, प्रायमस, शिलाई मशीन, कोळशाची इस्त्री, छताचा पंखा, तांब्याचा बंब. कंपन्या दुकानदाराला ब्लॉक द्यायच्या, दुकानदार दिवाळीच्या हँडबिलासाठी छापखान्यात आणून टाकायचा आणि परत न्यायचं विसरायचा. निम्मे तर त्याहून जुने, अण्णांनी 1961 साली एका बंद पडलेल्या छापखान्याचं सामान घेतलं त्यात आलेले. ऑफसेटची नवी छपाई आल्यावर आमचं काम आटलं, 1998 ला बंद केलं, आणि माझ्या थोरल्या भावाने सगळं किलोवर घातलं. ट्रेडल जागेवरच गॅसने कापली. मी तेव्हा नोकरीसाठी पुण्यात, मला फोनवर कळलं. दादाचं म्हणणं एकच, स्टोव्हचं चित्र आता कुणाला पाहिजे. बाजेखाली एक खोकं राहिलं होतं म्हणून वाचलं, त्यात अकरा ब्लॉक.

2015 ला मी ते खोकं बाहेर काढलं आणि पहिल्यांदा प्रायमसचा ब्लॉक घेतला. तो तुम्ही भिंग लावून बघितला पाहिजे. टाकीचा गोलावा दाखवायला केसाएवढ्या रेषा टाकीबरोबर वळत जातात, उजेडाच्या बाजूला बारीक होत होत संपतात, सावलीकडे जाड होतात, कुठेही राखाडी रंग नाही, नुसत्या रेषा. मी काचेवर शाई घोटली, रबरी रोलरने लावली, कागद ठेवून पळीच्या पाठीने घासलं. ठसा आला पण डावा पाय आलाच नाही. मग मी जोर लावला, आणखी शाई लावली, तर बाकीचं सगळं बरबटलं आणि पाय तरीही नाही.

अण्णा तेव्हा ऐंशीला आलेले, डोळ्यांना कमी दिसायचं. त्यांनी ठसा हातात घेतला, पालथा केला आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मागं उठलंय. दाबू नको, उचल त्याला." म्हणजे काय तर माझ्या दाबण्याने कागद मागून उठला होता, आणि ब्लॉकखालचं लाकूड त्या कोपऱ्यात आकसून ब्लॉक तिथे खाली बसला होता. घरात नातवाचा पतंग होता, त्याच्या कागदाचा नखाएवढा तुकडा त्यांनी खळीने ब्लॉकच्या बुडाला त्या कोपऱ्यात चिकटवला. एक पुरला नाही, दुसरा लावला. पुढच्या ठशाला पाय आला, पायाचा खूरसुद्धा आला, आणि टाकीवर मी जो डाग समजत होतो तिथे अक्षरं निघाली, मेड इन स्वीडन. प्रायमस स्वीडनचाच, 1892 पासूनचा. आमच्याकडे त्याच ब्लॉकवरून छापलेलं एक जुनं हँडबिल आहे, त्यात त्या जागी नुसता काळा ठिपका आहे. स्वस्त कागद, घाईची छपाई, शाई जास्त. म्हणजे ज्यांच्यासाठी ती जाहिरात होती त्यांना ती अक्षरं कधी दिसलीच नाहीत.

हे सविस्तर सांगतोय कारण दादा अजूनही म्हणतो की एवढा खटाटोप कशाला, हँडबिल स्कॅन कर आणि प्रिंट मार. अरे पण स्कॅन कशाचा करणार, त्या ठिपक्याचा? कागदावर पोचलं नाही ते सगळं ब्लॉकमध्ये शाबूत आहे. ब्लॉक गेला की तेही गेलं, नंतर कुठलाही स्कॅनर ते आणू शकत नाही. इंटरनेटवरून चित्र उतरवून जुन्या स्टाईलच्या पत्रिका छापणारे पण मला अजिबात पटत नाहीत.

आता तुमच्या ब्लॉकचं. आधी कशाचे आहेत ते ओळखा. राखाडी पातळ पत्रा लाकडावर बारीक चुका मारून बसवलेला असेल तर जस्ताचा लाइन ब्लॉक, म्हणजे नुसत्या रेषांचा. तोंड तांबूस आणि मागे शिशाचा थर असेल तर इलेक्ट्रो, ही लाकडावर हाताने कोरलेल्या चित्राची तांब्यातली नक्कल असू शकते, फार जपा. भिंगातून नुसते ठिपके दिसले तर हाफटोन, तो हाताने नीट येत नाही, नवख्याने तरी बाजूला ठेवावा. उंची मोजा, खिळ्याची उंची 0.918 इंच म्हणजे साधारण 23.3 मिलीमीटर, पुढे कुणाच्या ट्रेडलवर छापायची वेळ आली तर लाकडासकट तेवढी लागते.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर काहीही लावू नका. जस्ताला आंबट खातं, बारीक रेषा पहिल्या जातात. तारेचा ब्रश तर नकोच. जुनी वाळलेली शाई टर्पेंटाईनने भिजवून जुन्या टूथब्रशने हळू काढा. शाई तेलाची घ्या, ऑफसेटची चालते, पोस्टर कलर नको. शाई थोडीच, रोलर काचेवरून फिरताना बारीक चरचर आली पाहिजे, चिकट पचपच आली तर जास्त झाली. कागद पातळ आणि गुळगुळीत. आणि हल्ली कागदात खड्डा पडेपर्यंत दाबायची फॅशन आहे ती या ब्लॉकवर करू नका, रेषा चेपतात. अण्णांच्या वेळी कागदाच्या मागून हाताला उठाव लागला तर काम वाईट समजायचे.

एक राहिलंच, हे वर लिहायला हवं होतं. पूर्ण राखाडी, जड, मऊ धातूचा ब्लॉक असेल तर तो शिशाचा स्टिरिओ, इलेक्ट्रोच्या पाठीलाही शिसंच असतं. घासून पूड करू नका, स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, काम झालं की हात साबणाने धुवा, लहान मुलांना देऊ नका. घासायला घेतलेली पळी परत स्वयंपाकात नको. आणि ठसे विकणार असाल तर ज्या कंपन्या अजून चालू आहेत त्यांच्या नावाचा, चिन्हाचा विचार आधी करा, घरच्या हौसेला माझ्या मते काही अडचण नाही.

अण्णा 2019 ला गेले. ते दोन पतंगाचे तुकडे प्रायमसच्या बुडाला अजून आहेत, मी काढलेले नाहीत. बंबाचा ब्लॉक मात्र तेव्हा भंगारात गेला, मी तेव्हापासून शोधतोय, पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार घातले. तुमच्या खोक्यात बंब निघाला तर विकू नका, मलाही देऊ नका, फक्त एक ठसा काढून इथे फोटो टाका, तोटी आणि राखेचं दार नीट दिसेल असा.